उजवा शंख, डावा शंख

आमच्या देवघरात एक दक्षिणावर्ती शंख आहे. माझ्या सासऱ्यांनी तो १९९१ साली एका तीर्थक्षेत्राच्या बाजारातून आणला. त्यासाठी त्यांनी त्या महिन्याच्या पगारातला बराच मोठा भाग मोजला होता, असे सासूबाई अजूनही सांगतात. रक्कम मात्र सांगत नाहीत. शंख चांगला दीड वितीचा, पांढराशुभ्र, शेपटीकडे निमुळता होत गेलेला. रोज सकाळी त्याला स्नान, गंध, एक फूल आणि सणावारी रेशमी आसन असा त्याचा मान होता. काही वर्षांपूर्वी गणपतीला माझ्या दिरांचे एक स्नेही घरी आले होते. ते प्राणिशास्त्र शिकवत असत. त्यांनी आरतीनंतर परवानगी घेऊन शंख हातात घेतला, तोंडातून आत बोट सरकवले, थोडा वेळ चाचपले आणि अतिशय संकोचाने म्हणाले, "वहिनी, वळ्या लागत नाहीत."

आपल्याकडचा खरा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम नावाच्या गोगलगायीचे कवच. हा जीव हिंदी महासागरात, विशेषतः मन्नारच्या आखातात सापडतो. त्याच्या आतल्या मधल्या खांबावर बोटाला स्पष्ट जाणवतील अशा आडव्या वळ्या असतात. या जातीचे जवळजवळ सगळे शंख एकाच दिशेने वळलेले, म्हणजे वामावर्ती असतात. उलट्या वळणाचा शंख अतिशय दुर्मीळ, आणि म्हणूनच लक्ष्मीचा. आमच्या शंखाचे वळण उलटे होते, पण खांब गुळगुळीत होता. प्राध्यापकांनी हळू आवाजात सांगितले की अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाइटनिंग व्हेल्क नावाची एक जात आहे, तिचे शंख जात्याच उलट्या वळणाचे असतात आणि आपल्या बाजारात ते सर्रास दक्षिणावर्ती म्हणून खपवले जातात. त्या दिवसापासून घरात त्याचे नाव 'तो नकली' असे पडले. सासूबाईंनी मात्र त्याला देवघरातून हलवले नाही. एवढी वर्षे ज्याला न्हाऊमाखू घातले त्याला आता कुठे नेऊन टाकायचा, असा त्यांचा सवाल होता आणि त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

हे सगळे मी विसरले होते. मागच्या हिवाळ्यात मुलीकडे फोर्ट मायर्सला, म्हणजे फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तीन महिने राहिले, तेव्हा एका रविवारी ती मला पाइन आयलंडवरच्या पाइनलँड या ठिकाणी घेऊन गेली. फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे एक संशोधन केंद्र तिथे आहे आणि जुन्या वसाहतीच्या टेकाडांवरून जाणारी एक पायवाट लोकांसाठी खुली आहे. टेकाडे म्हणजे काय, हे पायाला आधी कळले. चपलेखाली कचकच असा आवाज येत होता. तो खडीचा असावा असे मला वाटले. खाली वाकून पाहिले तर ती खडी नव्हती. कालवे, शिंपले, माशांचे मणके, आणि त्यांच्यात ठिकठिकाणी अर्धवट रुतलेले, उन्हापावसाने पांढरे पडलेले, आमच्या देवघरातले शंख. एक, दोन, दहा. मग मी मोजणे सोडून दिले. एका शंखाचे तोंड माझ्याकडे वळलेले होते, आणि ते बरोबर त्याच बाजूला उघडत होते. तिथली एकही वस्तू उचलायला मनाई आहे. तसा मोह झालाच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

ही टेकाडे रचणारे लोक म्हणजे कालूसा, या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. दक्षिण फ्लोरिडाचा तो सगळा मुलूख म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यातला न मिटलेला वाद आहे. ओकीचोबी तलावापासून दक्षिणेकडे एव्हरग्लेड्सचे गवती पाणी पसरलेले, किनाऱ्याला खारफुटीची न संपणारी बेटे, आणि बेटांच्या आतल्या बाजूला उथळ, कोमट, माशांनी गजबजलेल्या खाड्या. कठीण दगड जवळपास कुठेही मिळत नाही. खाली आहे तो ठिसूळ चुनखडक. त्यामुळे इतर ठिकाणी माणसाने जे गारगोटीपासून केले, ते इथे शंख, हाड आणि शार्कचे दात यांच्यापासून केले. आमच्या त्या शंखाच्या बाहेरच्या वेढ्याला एक भोक पाडायचे, समोरच्या ओठाला खाच द्यायची, आणि भोकातून खाचेपर्यंत लाकडी दांडा आरपार घालायचा, की हातोडा तयार. शेपटीला धार लावली की कुदळ, आतला खांब काढून टाकला की पेला, आणि खांबाचा तुकडा कापला की जाळ्याचे वजन. पाइन किंवा सायप्रसचा ओंडका आतून जाळून, कोळसा शंखाने खरवडून काढून होडी करायची. हे मी एका फलकावरच्या चित्रात पाहिले आणि मला आमच्या गावच्या खाडीतल्या एकसंध ओंडक्याच्या पगारी आठवल्या. २००० साली मोठ्या दुष्काळात उत्तरेकडचे न्यूनन्स लेक हे तळे आटले, तेव्हा त्याच्या तळाच्या चिखलातून अशा १०१ जुन्या होड्या उघड्या पडल्या होत्या.

शाळेत आम्हाला संस्कृतीची एक शिडी शिकवली जात असे: आधी शिकार, मग पशुपालन, मग शेती, मग धान्याची कोठारे, आणि कोठारे झाली की राजा, पुरोहित, सैन्य आणि कर. कालूसांनी शेतीची ती पायरी गाळली. पाइनलँडला पपईच्या बिया मिळाल्या आहेत, तेव्हा दारात चार झाडे लावण्याइतकी बागाईत त्यांना येत होती. पण मका पिकवून त्यावर जगणारे ते लोक नव्हते. तरीही त्यांना राजा होता, त्याच्या शब्दाखाली दक्षिण फ्लोरिडातली दूरदूरची गावे होती, ती खंडणी पाठवत होती, आणि पाइन आयलंड आडवे कापून जाणारा सुमारे ४ किलोमीटर लांबीचा कालवा त्यांनी लाकडाच्या आणि शंखाच्या अवजारांनी खणला होता. हे सगळे मासळीवर. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटू नये. ज्याच्या खाडीत वर्षाचे बारा महिने मासा आहे, त्याने नांगर का धरावा, असा प्रश्न माझ्या माहेरच्या कोणीही विचारला असता. पण पुस्तके लिहिणारे बहुधा नांगराच्या गावचे असतात.

त्यांची राजधानी पाइनलँडला नव्हती, ती एस्टेरो उपसागरातल्या माउंड की या बेटावर होती. तिथे आजही होडीनेच जावे लागते. आम्ही एका छोट्या पर्यटक होडीने गेलो. बेट साधारण ५० हेक्टरांचे, भोवती खारफुटी, आणि खारफुटीतून आत शिरले की एकदम चढ लागतो. सपाटीच्या त्या प्रदेशात नऊ-दहा मीटरची चढण म्हणजे डोंगरच, आणि तो डोंगर माणसाने खाल्लेल्या जेवणाचा आहे. निम्म्यावर पोचल्यावर मी दम खाण्यासाठी गंबो-लिंबो नावाच्या झाडाला टेकले. या झाडाची साल तांबडी असून तिचे पापुद्रे निघतात, म्हणून तिथले लोक त्याला गमतीने 'पर्यटकाचे झाड' म्हणतात. डास मात्र अजिबात गमतीचे नव्हते.

माथ्यावर आता काही नाही. १५६६ साली पेद्रो मेनेंदेस दे आविलेस हा स्पॅनिश अधिकारी इथे आला, तेव्हा राजाच्या घरात २००० माणसे दाटीवाटी न करता उभी राहू शकत होती, असे त्या वेळच्या स्पॅनिश वृत्तांतात लिहिले आहे. ते वाचून कोणी हसू नये, कारण अलीकडच्या उत्खननात याच माथ्यावर खरोखरच एका प्रचंड इमारतीच्या खांबांच्या खुणा मिळाल्या आहेत. बेटाच्या मधून एक रुंद कालवा जातो आणि त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना शिंपल्यांचे बांध घालून केलेली मोठी आयताकृती तळी आहेत. ही तळी १३०० ते १४०० या काळात बांधली गेली आणि त्यांत पकडलेले मासे जिवंत साठवून ठेवत असावेत, असे संशोधकांचे मत आहे. जाळ्यात एकदम आलेला बोयींचा थवा तळ्यात सोडायचा आणि लागेल तसा काढायचा. हीच त्यांची धान्याची कोठारे. शिडीची ती पायरी त्यांच्याकडे होती, फक्त ती पाण्याखाली होती.

स्पॅनिशांनी तिथे सान आंतोन दे कार्लोस नावाचा किल्ला उभारला आणि जेझुइट धर्मप्रचारकांचे ठाणेही घातले. किल्ल्यासाठी शिंपले जाळून चुना केला गेला. कोकणात जुन्या घरांच्या भिंती ज्या चुन्याने उभ्या आहेत, तोच हा. फरक इतका की इथे जळत होते ते कालूसांच्या पूर्वजांच्या जेवणाचे अवशेष. राजा कार्लोसने आपली बहीण मेनेंदेसला देऊन सोयरीक जोडली. तिचा बाप्तिस्मा करून तिचे नाव दोन्या अंतोनिया ठेवण्यात आले. सोयरीक टिकली नाही. वर्षभरात स्पॅनिशांनी कार्लोसला ठार केले, त्याच्या जागी आलेल्या फेलिपेलाही पुढे तसेच संपवले, आणि १५६९ मध्ये ठाणे गुंडाळले गेले.

त्याच काळातली एक गोष्ट मला फार दिवस छळत राहिली. एर्नांदो दे एस्कालांते फोंतानेदा हा तेरा वर्षांचा मुलगा १५४९ च्या सुमारास जहाज फुटून या लोकांच्या हाती लागला आणि सतरा वर्षे त्यांच्यात राहिला. पुढे त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. तो सांगतो की वाहून आलेल्या स्पॅनिश खलाशांना कालूसा 'नाचा, गा' असा हुकूम करत, खलाशांना भाषा कळत नसे म्हणून ते नुसते उभे राहत, आणि हे हटवादी आहेत असे समजून त्यांना मारले जाई. पोराने ती भाषा शिकून राजाला हे समजावून सांगितले, तेव्हा कुठे राजाच्या ध्यानात आले की ही माणसे उद्धट नव्हती, त्यांना कळतच नव्हते. मुलीच्या घरी रात्री हे वाचताना मला इमिग्रेशनच्या खिडकीसमोर नुसती उभी राहिलेली मी आठवले. तुलना अर्थातच चुकीची आहे. मला कोणी नाचायला सांगितले नव्हते.

हुआन रोहेल हा जेझुइट पाद्री इथे राहिला होता. त्याच्या पत्रांतून कालूसांच्या श्रद्धांविषयी एक गोष्ट कळते, ती मला सगळ्या टेकाडांपेक्षा मोठी वाटते. माणसाला तीन आत्मे असतात, असे ते मानत: एक सावलीत, एक संथ पाण्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबात, आणि एक डोळ्याच्या बाहुलीत. माणूस मेला की पहिले दोन निघून जातात आणि बाहुलीतला कायम देहाजवळ राहतो, म्हणून ते मृतांकडे जाऊन त्यांचा सल्ला घेत. पाद्र्याने हे खोडून काढण्यासाठी लिहून ठेवले होते. मराठीत आपण डोळ्यातल्या त्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहिले की आपलीच चिमुकली आकृती तिथे उभी दिसते. पाणथळीत जन्म काढलेल्या माणसाला, होडीतून वाकले की दिवसातून शंभर वेळा स्वतःचा चेहरा खालून वर बघताना दिसत असणार. तो चेहरा म्हणजे नुसता उजेडाचा खेळ, हे त्याने का मानावे?

पाणी तिथे जपतेही. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याकडे टायटसव्हिल गावाजवळ विंडोव्हर नावाच्या तळ्यात १९८२ साली वसाहतीच्या रस्त्याचे काम चालू असताना उत्खनन यंत्राच्या चालकाला कवट्या दिसल्या. पुढे ग्लेन डोरान यांच्या नेतृत्वाखाली तिथे १६८ माणसांचे अवशेष मिळाले, सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतल्या ९१ कवट्यांमध्ये मेंदूचा भाग शिल्लक होता. तळाच्या कुजक्या वनस्पतींच्या थराने हवा आत येऊ दिली नाही आणि चुनखडकातल्या पाण्याने आम्लता वाढू दिली नाही, म्हणून हे घडले. प्रेते कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, विणलेल्या कापडात गुंडाळून, खुंट्या मारून पाण्याखाली ठेवलेली होती. त्यांच्यात एक साधारण पंधरा वर्षांचा मुलगा होता. जन्मापासून त्याच्या पाठीच्या कण्यात दोष होता, आणि तरीही त्याला तेवढी वर्षे कोणीतरी जगवले होते. त्या तळ्याचा निम्मा भाग जाणूनबुजून न खणता ठेवला आहे. मला तो निर्णय उत्खननाइतकाच मोलाचा वाटतो, कारण पाण्यातून वर काढल्यावर काय होते याचा एक धडा फ्लोरिडाने त्याआधीच घेतला होता.

तो धडा मार्को बेटावरचा आहे. १८९५ मध्ये तिथे बागेसाठी काळी माती उकरताना लाकडी वस्तू निघाल्या, आणि पुढच्या वर्षी फ्रँक हॅमिल्टन कुशिंग तिथे मोहीम घेऊन गेला. कुशिंग हा एक विलक्षण माणूस होता. तरुणपणी तो न्यू मेक्सिकोतल्या झुनी या मूळ रहिवाशांच्यात अनेक वर्षे त्यांच्यातलाच एक होऊन राहिला होता. मार्कोच्या चिखलातून त्याला जे मिळाले ते अमेरिकेत कोणी पाहिले नव्हते: रंगवलेले लाकडी मुखवटे, हलणाऱ्या कानांचे हरणाचे डोके, ताडाच्या तंतूंची जाळी, तरंगण्यासाठी त्यांना बांधलेले लाकडी खुंट. चिखलातून निघताना मुखवट्यांवरचे काळे, पांढरे, निळसर रंग ताजे होते. उन्हात आले आणि तासाभरात लाकूड आक्रसू लागले, चिरले, वाकले, रंग पापुद्र्यांनी गळाले. मोहिमेबरोबर वेल्स सॉयर हा चित्रकार होता. तो घाईघाईने जलरंगात त्या वस्तू उतरवत राहिला, आणि बऱ्याच मुखवट्यांचे आज उरले आहे ते त्याने काढलेले चित्रच. हजार वर्षे अंधारात शाबूत राहिलेला चेहरा प्रकाशात काही तास टिकला. कुशिंगला दोष द्यावा का, हे मला ठरवता आलेले नाही. वाळू नये म्हणून काय करावे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते; पण ठाऊक नाही हे कळल्यावरही खणणे थांबले नाही, हेही खरे.

एक वस्तू मात्र वाकली नाही. ती म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीची, गुडघे टेकून बसलेली, अर्धी माणूस अर्धी मार्जार अशी लाकडी मूर्ती. ती स्मिथसोनियनची आहे, पण मी गेले तेव्हा मार्को बेटावरच्याच संग्रहालयात तिच्या मूळ गावी मुक्कामाला आलेली होती. काचेपलीकडे ती इतकी लहान दिसते की आधी विश्वास बसत नाही. हात मांड्यांवर, पाठ ताठ, कान सावध. सासूबाई जपाला बसतात तेव्हा अगदी अशाच बसतात.

आणि त्याच संग्रहालयात, दोन पावलांवर, कपाटात तो शंख होता, दांडा घातलेला. शेजारी दुसरा होता, आतून कोरून पेला केलेला. अशा पेल्यातून आग्नेय अमेरिकेतले कितीतरी लोक होली जातीच्या झुडपाच्या भाजलेल्या पानांचा काळा काढा विधिपूर्वक पीत, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याचे हे शंख त्यासाठी मिसिसिपीकाठच्या काहोकिया या प्राचीन नगरापर्यंत पोचत. शंख इतर जातींचेही मिळत होते. पण काही संशोधक दाखवून देतात की त्यांना मुद्दाम हाच हवा असे, कारण त्याचे वळण इतरांच्या उलट आहे. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात शंख फिरवून पाहिला. ते टोक वर आणि शेपटी खाली धरतात, म्हणून त्यांच्या पुस्तकात तो डावा. आपण शेपटी वर धरतो, म्हणून आपला उजवा. वस्तू एकच, आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर असताना दोघांनाही तिचे तेच एक उलटेपण पवित्र वाटले. 'नकली' या शब्दाची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

त्या पवित्र मानणाऱ्यांचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येते, आणि मला ते थोडक्यातच सांगायचे आहे. युरोपातून आलेले रोग. मग सतराशेच्या आसपास उत्तरेकडून इंग्रजांच्या बंदुका घेऊन माणसे पकडून विकायला आलेल्या टोळ्या. १७११ मध्ये २७० जणांना क्यूबाला नेले, त्यातले बहुतेक तिथे लवकरच रोगाने मेले. १७६३ मध्ये स्पेनने फ्लोरिडा इंग्रजांना दिला, तेव्हा उरलेली कुटुंबेही हवानाला गेली. त्यानंतर या पाण्यात सेमिनोल आणि मिकोसुकी या आदिवासी जमाती आल्या आणि अमेरिकेच्या सैन्याला दाद न देता राहिल्या. आधीच्या लोकांना ते आपले पूर्वज मानतात आणि त्यांची हाडे संग्रहालयांच्या खोक्यांतून परत मातीत जावीत यासाठी भांडतात. टेकाडांचे म्हणाल, तर विसाव्या शतकात शेकडो ट्रक भरून शिंपले नेले गेले आणि त्यांचे रस्ते झाले. माउंड की वाचले त्याचे श्रेय काही अंशी कोरेशन नावाच्या पंथाला आहे. पृथ्वी पोकळ आहे आणि आपण तिच्या आतल्या बाजूला राहतो, अशी या मंडळींची ठाम श्रद्धा होती. १९६१ मध्ये त्यांनी आपली जमीन सरकारला देऊन टाकली.

२०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ पाइनलँडच्या अगदी जवळ किनाऱ्याला लागले. मुलीच्या शेजारच्या गल्लीत अजून एका घराला छत नाही. तिने मला भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. ती माझ्या खांद्याला लागत होती. मग आम्ही दोघींनीही काही न बोलता त्या टेकाडाच्या उंचीचा विचार केला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "आई, त्यांची घरं वर होती."

पुण्याला परतल्यावर मी सासूबाईंना सगळे सांगितले. राजाचे घर, बोयींची तळी, काळा काढा. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ते लोकही याला ओवाळत होते?" ओवाळत होते की नाही ते ठाऊक नाही, पण यातून विधीने पीत होते, असे मी म्हटले. "मग बरोबर आहे," असे म्हणून त्यांनी शंख तबकात ठेवला आणि मला पुसायला सांगितले. ओला शंख उजव्या हातात नीट धरला की माझा अंगठा बाहेरच्या वेढ्यावर, खांद्याच्या थोडा खाली टेकतो. दांड्याचे भोक ते बरोबर तिथेच पाडत असत.